दोन टर्कींचा दाखला

सान मातेओत तेव्हा टेलिफोन एकच होता, बेनिग्नोच्या दुकानात. फोन आला की बेनिग्नो चर्चच्या मनोऱ्यावरच्या भोंग्यातून नाव पुकारायचा आणि ज्याचं नाव असेल त्यानं हातातलं टाकून धावायचं. त्यामुळे कुणाला कुठून फोन आला हे त्याच्या आधी सगळ्या डोंगराला कळलेलं असायचं.

"दोन्या सेनाइदा! दोन्या सेनाइदा! टेक्सासहून फोन. आपल्या मेक्सिकोच्या वकिलातीतून. दहा मिनिटांनी परत लावणार आहेत. लवकर या, बाई!"

वडीलधाऱ्या बाईला गाव मानानं दोन्या म्हणायचं, पुरुषाला डॉन. सेनाइदा पाट्यावर मका वाटत होती. ती धावली नाही. लग्न असो, मयत असो, भूकंप असो, ती आयुष्यभर चालतच गेली होती. तिनं हात धुतले, ठेवणीतली शाल काढली आणि गल्लीच्या मधोमध चालायला लागली.

"काय झालं हो, दोन्या?" दारादारांतून बायकांनी विचारलंच.

"काय व्हायचंय? सरकारला काही सुचेनासं झालं, म्हणून माझा सल्ला घेतायत."

फोनवर बाईचा आवाज होता. तिनं नाव सांगितलं, लिसेन्सियादा किरोस. वकीलबाई. तिनं आडवळणं घेतली नाहीत. सेनाइदाचा धाकटा, ओदिलोन, तुरुंगात होता. तिघं मिळून एका दुकानात चोरीला शिरले, त्यात दुकानदार मेला. बाकीचे दोघं म्हणत होते की गोळी ओदिलोननं घातली, आणि तशा कागदावर ओदिलोननंही सही करून दिली होती.

"तिथला सरकारी वकील मरणाची शिक्षा मागतोय, दोन्या. पण तो एकटा नाही, हे आधी ऐका. आमच्या वकिलातीचं माणूस दर पंधरवड्याला त्याला भेटतं. त्याच्या वकिलाच्या जोडीला आम्ही आमचा वकील दिलाय. आता मला तुमच्याकडे यायचंय."

"या," सेनाइदा म्हणाली. "जेवायलाच या."

फोन ठेवला आणि ती तिथंच घेवड्याच्या पोत्यावर बसली. बेनिग्नोनं पाण्याचा पेला पुढे केला.

"तुझ्या दुकानात धूळ फार आहे, बेनिग्नो," ती डोळे पुसत म्हणाली. "झाडत जा जरा."

संध्याकाळी चर्चमध्ये तिनं दोन मेणबत्त्या लावल्या. एक ओदिलोनची. दुसरी कुणाची, असं थोरल्या मुलीनं, निकोलासानं विचारलं, तेव्हा म्हणाली, "त्या दुकानदारालाही आई असेल की."

तीन आठवड्यांनी लिसेन्सियादा यायची होती. सेनाइदानं घराला चुना लावून घेतला. शेजाऱ्यांकडून सहा खुर्च्या आणल्या आणि सहाही शेजाऱ्यांना त्यांच्या खुर्चीचा कुठला पाय लंगडा आहे ते सांगितलं. टर्की कापली. तिच्यासाठी सतरा जिनसांचा दाट रस्सा, मोले, दोन दिवस आटवला. आणि ग्वादालूपेच्या देवमातेशेजारी भिंतीवर काचेत लावलेला ओदिलोनचा सहावी पासचा दाखला लिंबाच्या रसानं चकचकीत पुसला. सरकार येतंय, तर सरकारला दिसू दे की हे कुणा भिकाऱ्याचं पोर नाही.

बुधवारी मालट्रकच्या मागच्या फळीवरून जी उतरली ती चणीनं एवढीशी, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली, घाटाच्या वळणांनी हिरवीपिवळी झालेली बाई होती. उतरल्याबरोबर ती कुंपणाशी वाकून ओकली.

"सरकारनं एवढीशीच पाठवली?" सेनाइदा निकोलासाला म्हणाली. पण पुदिन्याचा काढा तिनं स्वतःच्या हातानं केला.

जेवण झाल्यावर लिसेन्सियादानं वही उघडली.

"ओदिलोनच्या वेळी बाळंतपण कसं झालं होतं?"

"मांजरीसारखं. सकाळी व्याले, दुपारी तोर्तिया थापल्या."

"चालायला कधी लागला?"

"नवव्या महिन्यात."

"आणि बोलायला?"

"त्याच्याही आधी. माझा मुलगा आहे तो."

चुलीपाशी निकोलासाला ठसका लागला. सेनाइदानं तिच्याकडे असं बघितलं की ठसका जागच्या जागी विरला.

"घरी कधी उपासमार, मारझोड, आजारपण?"

"आमच्याकडे? बाई, त्या पातेल्यात बघा अजून किती उरलंय." सेनाइदा उठली, भिंतीवरची चौकट काढली आणि टेबलावर ठेवली. "हे वाचा. तुम्ही शिकलेल्या आहात. सहावी पास! या गावात त्याच्या वयाची चारच पोरं सहावी झालीत."

लिसेन्सियादानं चौकटीला हातही लावला नाही. "हा कागद मी बघितलाय, दोन्या."

"कुठं?"

"सरकारी वकिलाच्या फायलीत. ओदिलोननंच पोलिसांना सांगितलं, माझ्या आईनं माझी सहावी भिंतीवर टांगलीय. त्यांनी शिक्षण खात्याकडून नक्कल मागवली." तिनं वही मिटली. "तिथला कायदा असा आहे की ज्याची समज लहानपणापासून कमी, त्याला मारता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी ओदिलोनला तपासलं. ते म्हणतात, त्याची समज सहासात वर्षांच्या मुलाएवढी आहे. सरकारी वकील म्हणतो, सोंग आहे. सहावी पास झालेला माणूस असा कसा असेल? त्याच्या हातात धड पुरावा एकच आहे. हा."

सेनाइदानं चौकट पुन्हा आपल्याकडे ओढली.

"म्हणजे माझा मुलगा खुळा आहे असं मी लिहून द्यायचं," सेनाइदा म्हणाली.

"जे खरं असेल ते द्यायचं."

"खरं एवढंच की तुमचं जेवण झालंय."

लिसेन्सियादा चिडली नाही. तिनं आपली थाळी स्वतः विसळली, मोले फार छान होता म्हणाली आणि ग्रामसभेच्या इमारतीमागच्या खोलीत राहायला गेली. ट्रक परत शनिवारीच होता.

गुरुवारी सकाळी ती पुन्हा दारात. या वेळी वही नव्हती. अंगणात मक्याच्या कणसांचा ढीग होता. ती खाली बसली आणि दाणे सोलायला लागली. अंगठ्यानं एकेक दाणा उकरत होती.

"अशानं ईस्टर उजाडेल," सेनाइदा म्हणाली. "दोन कणसं एकमेकांवर घासायची. आईनं काही शिकवलं नाही का?"

"आई शिवणकाम करायची. मका बाजारातून यायचा."

"बिचारी."

बराच वेळ दोघी घासत राहिल्या. मग लिसेन्सियादा म्हणाली, "मी गेले की ओदिलोन पहिल्यांदा एकच विचारतो. टर्कींना खायला कोण घालतं? मी म्हणते, तुझी आई घालत असेल. मग विचारतो, किती आहेत? मला काय माहीत किती आहेत. मग तोच सांगतो, सात."

सेनाइदाचे हात थांबले.

टर्की सातच होत्या. कायम सातच. एक कापली की त्याच आठवड्यात त्लाशिआकोच्या बाजारातून दुसरी यायची, आणि आठवी कुणी फुकट दिली तरी ती घ्यायची नाही. ओदिलोनला सातच्या पुढे मोजता यायचं नाही. संध्याकाळी त्यानं मोजाव्यात, सात भराव्यात आणि हसत आत यावं, एवढ्यासाठी ती आठवी ठेवत नसे. तो उत्तरेला जाऊन चार वर्षं झाली तरी सातच होत्या. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"सिनालोआला होतो आम्ही तेव्हा," ती कणसाकडे बघत म्हणाली. "टोमॅटोच्या शेतात. पोटात हा होता, सातवा महिना. वरून विमान यायचं औषध फवारत, आणि मुकादम म्हणायचा, वाकून राहा, काही होत नाही. आम्ही वाकून राहायचो. अंगावरून ओघळ यायचे. पाणी त्याच पाटाचं प्यायचं. तिथंच पत्र्याच्या खोलीत झाला तो, निळा. रडलाच नाही. सुइणीनं पाय धरून उलटा केला, पाठीत मारलं, तेव्हा कुठं चिमणीएवढा आवाज काढला. चौथ्या वर्षी चालला. सहाव्या वर्षी बोलला, मुली. पहिला शब्द 'आई' नाही. 'टर्की'."

'मुली' हे लिसेन्सियादानं ऐकलं होतं.

"आणि दाखला?"

"दाखल्याचं असं की आमच्यात पोराला मिशी फुटली की गावाची एक वर्ष सेवा करायची असते. हातात काठी घ्यायची, पहारा द्यायचा, निरोप पोचवायचे. ज्यानं सेवा नाही केली तो गावाचा माणूस नाही. त्याला मेल्यावर धड जागा मिळत नाही. पंच डॉन फाउस्तिनो तेव्हा सभेत उठून म्हणाला, हे पोर काठी कसली धरणार, याला डावंउजवं कळत नाही. सगळ्यांसमोर. मी दुसऱ्या दिवशी दोन टर्की घेतल्या, बगलेत एकेक, आणि रुतिलिओ मास्तरांकडे गेले. पुढच्या सभेत दाखला टेबलावर आपटला. म्हटलं, सहावी पास आहे, डॉन फाउस्तिनो, तुम्ही कितवी? तो दुसरी." क्षणभर तिच्या तोंडावर जुना विजय चमकला आणि गेला. "ओदिलोनला काठी मिळाली. आणि हे मी तुला घरच्या अंगणात सांगितलंय. कागदावर नाही."

"अंगणात सांगितलेलं टेक्सासला ऐकू जात नाही, दोन्या."

सेनाइदानं उरलेली कणसं टोपलीत भरली. पण शुक्रवारी सकाळी तिनं ठेवणीतली शाल काढली आणि रुतिलिओ मास्तरांचं दार वाजवलं.

मास्तर आता थकले होते. निवृत्त, विधुर, डोळ्यांत मोतीबिंदू. ते अंगणात कोवळं ऊन खात बसले होते.

"मास्तर, तुम्ही माझ्या दोन टर्की खाल्ल्यात."

मास्तरांना कुठल्या ते विचारावं लागलं नाही. "एकच, दोन्या. दुसरी कोल्ह्यानं नेली."

"कोल्हा सरकारी नोकरीत नव्हता. दाखला तुम्ही दिलात. उद्या ग्रामसभेत सांगायचं तसं."

"माझं पेन्शन जाईल हो!"

"कोल्ह्यानं नेलं म्हणून सांगा."

"दोन्या, थट्टा नका करू. म्हातारपणी तोंडाला काळं..."

"तोंड मलाही आहे मास्तर, आणि ते तुमच्यापेक्षा मोठं आहे हे गाव जाणतं. उद्या मी ते सगळ्यांसमोर काळं करून घेणार आहे. तुम्हाला सोबत चला म्हणतेय, एवढंच." मग तिचा आवाज उतरला. "मास्तर, ते त्याला मारणारेत."

मास्तरांनी उन्हाकडून तोंड वळवलं. मग उठले, चाचपडत आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक वही घेऊन आले. "टाकवली नाही," ते म्हणाले. "का ठेवली माहीत नाही. तुम्ही ठेवा."

"मी नाही. तुम्हीच घेऊन या."

शनिवारी ट्रक निघायच्या आधी ग्रामसभेची खोली भरली. घरातली जबानी घरात राहते. गावाच्या काठीसमोर दिलेली जबानीच जबानी असते, हे सेनाइदानंच लिसेन्सियादाला सांगितलं होतं. टेबलावर गावाची चांदीच्या मुठीची काठी आडवी ठेवली. मागे गावप्रमुख बसले, त्यांच्या शेजारी पंचांतला सगळ्यात जुना, डॉन फाउस्तिनो. सेनाइदानं काचेची चौकट काठीशेजारी ठेवली.

"हा दाखला खोटा आहे," ती उभ्यानंच म्हणाली. "मी दोन टर्की देऊन घेतला. माझ्या मुलाला वाचता येत नाही, लिहिता येत नाही, घड्याळ कळत नाही. सातच्या पुढं मोजता येत नाही. हे त्याच्या जन्मापासून आहे. मला लाज वाटत होती म्हणून मी बावीस वर्षं खोटं बोलले. लाज त्याची नव्हती. माझं नाक मोठं होतं. लिही, मुली."

लिसेन्सियादा लिहीत होती. मास्तर उठले, आपलं सांगितलं आणि वही पुढे केली. ओदिलोनची सहावीची वही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच अक्षर, मोठं, वेडंवाकडं, कुठं जुळलेलं, कुठं न जुळलेलं गोल, रोमन लिपीतलं 'ओ'. "सहा वर्षांत नावाचं एवढंच पहिलं अक्षर आलं त्याला," मास्तर म्हणाले. "पण ते रोज काढायचा."

लिसेन्सियादानं पिशवीतून एक कागद काढला आणि वहीशेजारी ठेवला. ओदिलोननं पोलिसांना लिहून दिलेला तो कबुलीजबाब. चार पानं बारीक टाइप केलेली, आणि खाली सहीच्या जागी एक वेडंवाकडं गोल.

कुणीतरी छातीवर क्रूस काढला.

मग डॉन फाउस्तिनो खाकरला. सेनाइदानं हनुवटी वर केली. घाव यायचा तर समोरून येऊ दे.

"आम्हाला माहीत होतं, सेनाइदा," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"दाखल्याला टर्कीचा वास येत होता."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, बेनिग्नो सगळ्यात जोरात.

"मग तेव्हाच बोलला नाहीत का?" सेनाइदा कडाडली. "बावीस वर्षं मला चौकट पुसायला लावलीत!"

"तुझ्या तोंडाला कोण लागणार, बाई? आणि पोरगं चांगलं होतं. काठी दिली आणि इथं उभा राहा म्हटलं की उभा राहायचा. एकदा पुलावर उभा केला आणि त्याला घरी पाठवायला आम्ही विसरलो. दोन दिवस पावसात उभा होता. कुणी 'जा' म्हटलं नाही ना."

लिसेन्सियादाचं पेन थांबलं. "दोन दिवस?"

"दोन दिवस. विचार कुणालाही."

"जिथं उभा केला तिथं उभा राहायचा," ती हळूच म्हणाली, जणू दुसऱ्याच कुठल्या दाराकडे बघत. "डॉन फाउस्तिनो, हे पुन्हा सांगा. सावकाश."

त्यानं सांगितलं. मग पुलाजवळची म्हातारी उठली, तिनं त्याला तिथं तोर्तिया नेऊन दिल्या होत्या. सुइणीची मुलगी उठली. निकोलासा उठली. अकरा माणसांनी जबान्या दिल्या, अकरा अंगठे निळे झाले, आणि ट्रकवाला बाहेर भोंगा वाजवून वाजवून शेवटी आत येऊन बसला.

"आणि त्याची सेवा?" सगळं संपल्यावर सेनाइदानं विचारलं. हे तिला विचारायचंच होतं. "दाखला खोटा, तर सेवाही गेली?"

गावप्रमुखांनी डॉन फाउस्तिनोकडे बघितलं. म्हातारा म्हणाला, "सेवा त्यानं कागदावर नव्हती केली. पायांनी केली. ती कशी जाईल?"

त्या माणसाला सेनाइदानं आयुष्यात एक गोड शब्द दिला नव्हता. तेव्हाही दिला नाही. फक्त त्याच्या घरी खुर्ची परत पाठवली तेव्हा तिचा लंगडा पाय सुताराकडून नीट करून पाठवला.

चौदा महिने गेले. वकिलातीतून दर महिन्याला निरोप यायचा: ओदिलोनला ताप होता, उतरला, ओदिलोनला गरम कपडे दिले, कोर्टानं वही बघितली, गावची, मिश्तेक लोकांची, भाषा जाणणारा माणूस बसवून जबान्या पुन्हा ऐकल्या. सरकार म्हणजे काहीतरी न्यायला येतं, एवढंच सेनाइदाला ठाऊक होतं. आणून देणारं सरकार ती पहिल्यांदा बघत होती.

मग एका मंगळवारी भोंगा वाजला, आणि बेनिग्नोचा आवाज फाटला होता. "दोन्या सेनाइदा! वकिलात! पळा, बाई, पळा!"

त्या दिवशी सेनाइदा धावली. हाताला मक्याचं पीठ, शाल नाही, एक चप्पल वाटेत राहिली. ज्या बायका दारात उभ्या होत्या त्या तिच्यामागून धावल्या.

"मरणाची शिक्षा मागे घेतली, दोन्या," लिसेन्सियादा म्हणत होती, आणि ती रडत होती की हसत होती ते फोनवर कळेना. "गोळी दुसऱ्यानं घातली होती. ओदिलोन दाराशी उभा होता. त्यांनी त्याला तिथं उभं केलं होतं. तुरुंगात राहावं लागेल, खूप वर्षं. पण जगेल तो."

सेनाइदानं पिठाचा हात झग्याला पुसला.

"मी तुला दोन टर्की पाठवते."

"नाही चालत, दोन्या. आम्हाला काही घेता येत नाही."

"तुझ्या साहेबाला?"

"त्यालाही नाही."

"कसलं गं सरकार तुमचं, खातच नाही! मग आभार कसे मानायचे?"

"मानलेत की."

"फोनवर? फोनवर आभार मानतं का कुणी?" तिनं बेनिग्नोच्या हातातला भोंग्याचा माइक ओढून घेतला. फोन दुसऱ्या हातात तसाच होता. "ऐका!" चर्चच्या मनोऱ्यावरून सगळ्या डोंगरावर तिचा आवाज गेला. "मी सेनाइदा बोलतेय. माझा ओदिलोन जगला. किरोस नावाच्या एका पोरीनं जगवला. तिला मका सोलता येत नाही, घाटात ओकते, पण तिच्यासारखी मुलगी देव सगळ्यांना देवो. रुतिलिओ मास्तरांचं भलं होवो. ज्यांनी अंगठे दिले त्यांचं भलं होवो. डॉन फाउस्तिनो, तुमचंसुद्धा! रविवारी सगळ्यांनी जेवायला यायचं. आपापली खुर्ची घेऊन यायची."

रविवारी पाच टर्की कापल्या. गाव जेवलं. मास्तरांना पहिली थाळी वाढताना सेनाइदा म्हणाली, "आज कोल्ह्यानं नेली म्हणालात तर बघा." मास्तरांचं पेन्शन गेलं नव्हतं. सान मातेओपर्यंत चौकशीला येईल असा साहेब शिक्षण खात्यात नव्हता.

देवमातेशेजारच्या काचेत आता वहीचं एक पान होतं, गोलांनी भरलेलं. ते लिसेन्सियादानं परत पाठवलं होतं.

त्याच संध्याकाळी, लोक हात पुसत असताना, भोंग्यानं पुन्हा नाव घेतलं. वकिलातीनं तुरुंगातून दहा मिनिटांचा फोन मिळवून दिला होता. बेनिग्नोनं दुकानातून सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

"आई," ओदिलोन म्हणाला. आवाज तोच, जाडा, हळू. "टर्कींना खायला घातलं?"

"घातलं रे."

"किती आहेत?"

सेनाइदानं दाराच्या फटीतून बघितलं. गल्लीच्या टोकाला तिच्या अंगणाच्या भिंतीवर उरलेल्या दोन टर्की चढून बसल्या होत्या. खाली निकोलासा पिसं गोळा करत होती.

"सात," ती म्हणाली.

"सात," ओदिलोन म्हणाला, आणि तो हसला, ते तिला ऐकू आलं.

शनिवारी त्लाशिआकोचा बाजार होता. तोवर हे खोटं होतं, पण हे काही ती शपथेवर बोलली नव्हती.